दगड नंबर १७

परवा संध्याकाळी पाऊण तास मी एका दगडाशेजारी पोटावर आडवी पडले होते, हातातली बॅटरी जवळजवळ जमिनीला टेकवून दगडाच्या पाठीवरून उजेड सरकवत होते, आणि तेव्हा कुठे दहावा खळगा दिसला. याआधी आम्ही त्या दगडापाशी चार वेळा गेलोय. चारही वेळा फोटो काढलेत, टेप लावलाय, वहीत लिहिलंय, मी तर एकदा त्या बरोब्बर जागेवर तळहात टेकवून उठलेय. आणि तो तिथेच होता की इतके दिवस!

थोडं मागून सांगते. गेले दोन हिवाळे आम्ही तिघं मिळून एका डोंगरउतारावरच्या कपमार्क असलेल्या दगडांची नोंद करतोय. तिघं म्हणजे मी, भूगर्भशास्त्र शिकवणारी माझी मैत्रीण, आणि आयुष्यभर जमीन मोजणीचं काम करून रिटायर झालेले एक काका. जागा कुठली ते मुद्दामच लिहीत नाही, कारण असल्या दगडांचा नेमका पत्ता इंटरनेटवर पडला की पुढच्या आठवड्यात कोणीतरी तिथे खडू घेऊन पोचतं, कोणी पाणी ओततं, कोणी छोटा दगड असेल तर उचलून घरीसुद्धा नेतं. नोंद जिथे द्यायची तिथे नेमक्या लोकेशनसकट दिलीय, इथे फक्त दगडांबद्दल बोलू.

ज्यांना कपमार्क म्हणजे काय माहिती नाही त्यांच्यासाठी. दगडावर दगडानेच ठोकून ठोकून केलेला वाटीसारखा गोल खळगा. बहुतेक वेळा ३ ते ८ सेंटीमीटर रुंद आणि सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर खोल, म्हणजे आत अंगठा टेकवला तर नीट बसतो एवढा. ना प्राणी, ना माणूस, ना शिकारीचं चित्र. कधी एकुलता एक असतो, कधी एकाच कातळावर शंभरच्या वर. काही ठिकाणी खळग्याभोवती एकात एक गोल कड्या कोरलेल्या असतात, काही ठिकाणी खळग्यातून उताराच्या दिशेने एक पन्हळ निघते. बस, एवढंच. पण हा एवढासा साधा आकार जगभर सापडतो आणि प्रचंड मोठ्या काळात सापडतो, आणि हीच गोष्ट मला सुरुवातीला झोपू देत नव्हती.

फ्रान्समध्ये ला फेरासी म्हणून निअँडरथल माणसांच्या दफनांची जागा आहे. तिथे एका लहान मुलाच्या दफनावर एक दगडी फरशी ठेवलेली सापडली आणि तिच्यावर असे खळगे आहेत, पण खालच्या बाजूला, मुलाकडे तोंड करून. म्हणजे एकदा ठेवल्यावर ते कोणालाच दिसणार नव्हते. मध्य प्रदेशात भानपुऱ्याजवळ दरकी-चट्टान नावाची क्वार्टझाइटमधली (म्हणजे फार कठीण दगडातली) अरुंद गुहा आहे, तिच्या दोन्ही भिंतींवर मिळून पाचशेच्या आसपास खळगे आहेत, आणि तिथल्या उत्खननात ते ठोकायला वापरलेले दगडी हातोडेही सापडले. नागपूरजवळ जुनापाणीला जी शिळावर्तुळं आहेत ती लोहयुगातली, त्यांच्या कडेच्या काही धोंड्यांवर ओळीने खळगे आहेत. स्कॉटलंडमध्ये किल्मार्टिनच्या खोऱ्यात आणि उत्तर इंग्लंडच्या माळांवर कड्यांसकटचे खळगे आहेत, ते साधारण साडेतीन ते सहा हजार वर्षांपूर्वीच्या दरम्यानचे मानतात. आता सांगा, एवढ्या लांबच्या काळातल्या आणि लांबच्या माणसांना एकच गोष्ट म्हणायची असेल का? मला नाही वाटत. आकार इतका साधा आहे की तो कोणालाही कुठेही सुचू शकतो, त्यामुळे नुसता खळगा बघून वय सांगता येत नाही आणि अर्थ तर त्याहून नाही. म्हणूनच तो कुठे आहे, कशाशेजारी आहे, दगडाच्या कुठल्या अंगाला आहे हे सगळं लिहून ठेवावं लागतं, कारण उद्या कोणी काही शोधलं तर ते या शेजाराच्या माहितीतूनच शोधणार.

नोंदीची एक गोष्ट मला फार आवडते. जेम्स यंग सिम्प्सन हे नाव डॉक्टर लोकांना माहिती असेल, १८४७ मध्ये बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरणारा एडिनबराचा डॉक्टर तो हाच. त्याने १८६७ मध्ये ब्रिटनमधल्या या खळग्यांवर आणि कड्यांवर एक मोठा सचित्र ग्रंथ छापला. त्यानंतर दहा वर्षांनी, १८७७ मध्ये, रिव्हेट-कार्नॅक नावाच्या भारतातल्या ब्रिटिश अधिकाऱ्याने कुमाऊँच्या डोंगरात द्वाराहाटजवळच्या कातळावरचे दोनशेच्या वर खळगे नोंदवले आणि लिहिलं की हे युरोपातल्या नमुन्यांसारखेच आहेत. मग १८७९ मध्ये त्यानेच जुनापाणीबद्दल लिहिलं. सारखं दिसतं म्हणून नातं जोडायचा मोह त्या काळात फार होता, तो भाग आज सोडून द्यायचा. पण कोणीतरी तिकडे नीट चित्रं काढून छापली होती म्हणूनच इकडच्या खळग्यांची त्यांच्याशी तुलना करता आली. नाहीतर गुराख्यांना ते खळगे पिढ्यानपिढ्या माहिती असणारच, पण कागदावर आले नसते.

तर आमचं काम. पहिल्या दिवशी मला वाटलं होतं की डोंगरावर जायचं, दगड शोधायचे, खळगे मोजायचे, फोटो काढायचे, झालं. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीने माझे सहा "शोध" एका दमात खोडून टाकले. निसर्ग खळगे करण्यात फार पटाईत आहे हो. शाळेत भूगोलाच्या पुस्तकात रांजणखळगे शिकलेले आठवतात ना, नदीच्या भोवऱ्यात गोटे गरगर फिरून पात्रात पडलेले. ते नदीत. पण उतारावरच्या दगडातही पाणी साचून, दगड हळूहळू झिजून-विरघळून खळगे पडतात. गोटे रुतलेला दगड असेल तर एखादा गोटा निसटून पडतो आणि मागे अगदी सुबक वाटी राहते. लाव्हाच्या दगडात वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या असतात. शिवाय माणसाने केलेलेही सगळे जुने नसतात, उखळासारखे कुटायचे खळगे असतात, सुरुंगाची भोकं असतात, कोणीतरी खेळायला कोरलेले असतात.

मग ओळखायचं कसं? मैत्रीण आधी खळगा बघतच नाही, ती आधी दगड बघते. "हे बघ, ही फट कुठून कुठे जातेय ते बघ आधी," असं म्हणून ती बोटाने रेघ दाखवते आणि माझे तीन खळगे त्या रेघेवर माळेसारखे ओवलेले निघतात, म्हणजे पाणी फटीतून मुरत गेलं आणि जिथे दगड मऊ होता तिथे तो खाल्ला गेला. झिजून झालेल्या खळग्याचा तळ बऱ्याचदा सपाट असतो, कड वेडीवाकडी, कधी आतून पोखरल्यासारखी. ठोकून केलेला खळगा वाटीसारखा उतरत जातो, कड बरीचशी गोल, आणि दगड कठीण असेल आणि नशीब चांगलं असेल तर आत ठोक्यांचे बारीक टोचे अजून दिसतात. उखळ सहसा मोठं आणि खोल असतं आणि आतून घासून गुळगुळीत झालेलं असतं. यातली एकही खूण एकटीने पुरेशी नाही. तीन-चार एकत्र जुळल्या की मग "हो" म्हणायचं.

आणि ठोकून करणं हे काय प्रकरण आहे ते एकदा करून बघितल्याशिवाय कळत नाही. दरकी-चट्टानच्या अभ्यासात गिरिराज कुमार यांनी तशाच क्वार्टझाइटवर दगडी हातोड्याने खळगा करून बघायचे प्रयोग केले, त्यात हजारो ठोके घालूनही खोली जेमतेम काही मिलिमीटर झाली. काही मिलिमीटर! ते वाचल्यापासून माझं खळग्याकडे बघणंच बदललं. वाळूच्या दगडात काम बरंच लवकर होतं, पण तिथेसुद्धा हात भरून येतो, मी एका टाकाऊ तुकड्यावर अर्धा तास ठोकून बघितलंय (डोंगरावर नाही, घरी आणलेल्या बांधकामाच्या दगडावर) आणि दुसऱ्या दिवशी मला पेन धरवत नव्हतं. म्हणजे एका दगडावर जर बारा खळगे असतील तर तिथे कोणीतरी खूप वेळ बसलं होतं. आवाज झाला असणार. खालच्या उतारावर तो ऐकू गेला असणार. हे असलं काही नोंदीच्या फॉर्ममध्ये लिहायला जागा नसते, पण मनात येतंच.

आता दगड नंबर १७. साधारण म्हैस बसलीय असा आकार, लांबी २.३ मीटर, उताराच्या मध्यावर, जिथे चढ जरा मोडतो आणि जमीन थोडी सपाट होते तिथे. पहिल्यांदा गेलो तेव्हा भर दुपार होती. सात खळगे दिसले, वहीत ७ लिहिले आणि पुढे गेलो. दुसऱ्यांदा सकाळी उन्हाची तिरीप येत असताना गेलो तर अकरा! शिवाय एक पन्हळही दिसली, दोन खळग्यांना जोडणारी, मी तर आनंदाने ओरडलेच. काका शांतपणे मागे उभे होते, त्यांनी स्वतः वेगळे मोजले होते आणि त्यांच्या वहीत नऊ होते.

"काका, अकरा आहेत, हे बघा ना, हा आणि हा."

"हा मला दिसतोय. हा नाही दिसत. अगं, तू मोजतेयस की मनातला आकडा जुळवतेयस?"

मला राग आला होता तेव्हा, खोटं कशाला बोलू. पण घरी येऊन तिघांच्या वह्या शेजारी ठेवल्या तेव्हा लक्षात आलं की आमचा अर्ध्याअधिक दगडांवर आकडा जुळत नव्हता. त्या दिवसापासून आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. एक म्हणजे प्रत्येकाने न बोलता, दुसऱ्याची वही न बघता मोजायचं आणि मगच बोलायचं. आणि दुसरं म्हणजे फॉर्ममध्ये खळग्यांचे तीन रकाने केले, नक्की, बहुधा, आणि खात्री नाही. आधी आमचा एकच रकाना होता, "संख्या". त्या एका रकान्याने आम्हाला किती खोटं बोलायला लावलं होतं! कारण एकच आकडा लिहायचा म्हटला की माणूस एकतर शंका गिळून मोठा आकडा लिहितो किंवा भीतीने छोटा लिहितो, आणि पुढे जो वाचणार त्याला कळायला मार्गच नाही की हा माणूस नेमका कुठे अडखळला होता.

उजेड. या कामात सगळ्यात मोठं हत्यार हेच आहे आणि ते फुकट आहे. दुपारी बाराला डोक्यावरचं ऊन सगळे खळगे भरून टाकतं, दगड सपाट दिसतो. ऊन तिरपं झालं की प्रत्येक खळग्याच्या एका कडेला सावली आणि समोरच्या कडेला चमक येते आणि दगड बोलायला लागतो. हिवाळ्यात सूर्य खाली असतो आणि गवत वाळून बसलेलं असतं म्हणून आम्ही हिवाळ्यातच जातो. पण तिरप्या उजेडाचीही एक खोड आहे, तो एकाच दिशेने येतो, त्यामुळे उजेडाच्या दिशेत जाणारी पन्हळ त्यात दिसतच नाही आणि आडवी जाणारी साधी खरबडसुद्धा कोरीव वाटायला लागते. म्हणून अंधार पडल्यावर बॅटरीने चारही बाजूंनी बघायचं. आणि फॉर्ममध्ये दरवेळी वेळ, आकाश कसं होतं, उजेड कुठून होता हे लिहायचं. दगड नंबर १७ च्या सात, अकरा आणि नऊचं भांडण अर्धं इथेच मिटलं.

याच तत्त्वावर एक तंत्रही आहे, आरटीआय म्हणतात (माहितीच्या अधिकाराशी संबंध नाही), कॅमेरा एकाच जागी घट्ट ठेवायचा, दगडाशेजारी एक चकचकीत गोळा ठेवायचा आणि दिवा वेगवेगळ्या दिशांनी धरून पन्नासेक फोटो काढायचे. गोळ्यावरच्या चमकेवरून सॉफ्टवेअरला दिव्याची दिशा कळते आणि मग घरी बसून स्क्रीनवर उजेड हवा तिकडून फिरवता येतो. याचं मूळ टॉम माल्झबेंडर यांनी २००१ मध्ये एचपीच्या लॅबमधून मांडलेल्या कामात आहे. आम्ही ते दोनच दगडांवर केलं कारण उतारावर ट्रायपॉड स्थिर ठेवणं महाकठीण.

रोजच्या कामाला फोटोग्रामेट्री. म्हणजे दगडाभोवती फिरत फिरत साठ ते शंभर फोटो, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतला सत्तर-ऐंशी टक्के भाग परत आला पाहिजे, शेजारी स्केल ठेवलेली पाहिजे, आणि मग सॉफ्टवेअर त्यातून दगडाचं त्रिमिती मॉडेल बनवतं. इथे एक गंमत बघा, डोळ्याने बघायला तिरपं ऊन हवं आणि मॉडेल बनवायला मात्र ढगाळ हवा हवी, कारण काळ्या सावल्या पडल्या की सॉफ्टवेअर तिथे चाचपडतं. त्यामुळे एका दगडाला किमान दोन फेऱ्या होतातच. मॉडेलचा रंग काढून टाकला की दगडावरचे डाग, दगडफूल, पांढरे-काळे चट्टे सगळं जातं आणि नुसता आकार उरतो. नंबर १७ चं मॉडेल बघताना माझ्या लाडक्या अकरातले दोन खळगे गेले, ते चक्क काळपट दगडफुलाचे गोल चट्टे होते, खोली शून्य. पन्हळ मात्र राहिली, पण मैत्रीण म्हणाली की मुळात ती नैसर्गिक फट आहे आणि कदाचित एका टोकाला ठोकून रुंद केलीय. म्हणून तिची नोंद "बहुधा"मध्ये.

दगडफुलावरून आठवलं, एक कळकळीची विनंती. कृपा करून दगड घासू नका. मी बघितलंय लोक तारेचा ब्रश घेऊन दगडफूल खरवडतात, "नीट दिसावं" म्हणून. दगडावर चिकटून वाढणाऱ्या काही दगडफुलांची वाढ वर्षाला मिलिमीटरभरसुद्धा नसते, म्हणजे तळहाताएवढा चट्टा शे-दोनशे वर्षांचा असू शकतो, आणि तो खरवडताना दगडाचा वरचा थरही निघतो, ज्यावर ठोक्यांच्या खुणा असतात. म्हणजे जे बघायचंय तेच घासून टाकायचं. खडूचंही तेच. जुन्या काळच्या अभ्यासकांनी खडू भरून फोटो काढलेत, तेव्हा ती पद्धतच होती, पण खडूने भरलेला खळगा म्हणजे खडू धरणाऱ्याला काय वाटलं त्याचा फोटो. त्याला जे दिसलं नाही ते कायमचं फोटोबाहेर गेलं. आम्ही सुटी माती आणि पालापाचोळा हाताने किंवा मऊ ब्रशने बाजूला करतो, गवताची मुळं आत गेलेली असतील तर हात लावत नाही, खालचा भाग झाकलेला असेल तर तसं लिहितो. "दगडाचा सुमारे तिसरा भाग मातीखाली" हीसुद्धा माहितीच आहे.

जागेच्या नोंदीत माझ्याकडून एक मोठी चूक झाली ती सांगते, म्हणजे तुमच्याकडून होणार नाही. जीपीएसवर जागा अंश-मिनिटांत दिसत होती आणि आमच्या तक्त्यात दशांशात लिहायची होती. मी घाईत ३० मिनिटं होती तिथे .३० लिहिलं. ३० मिनिटं म्हणजे अर्धा अंश, .५० व्हायला पाहिजे होतं. उत्तर-दक्षिण दिशेत ०.२ अंशाची चूक म्हणजे साधारण २२ किलोमीटर! सहा दगड नकाशावर भलत्याच ठिकाणी जाऊन बसले आणि तीन आठवडे कोणाच्या लक्षात आलं नाही, शेवटी काकांनी पकडलं. ते त्यावर काही बोलले नाहीत, फक्त दुसऱ्या दिवशी प्रत्येक दगडाशेजारी कागदावर हाताने नकाशा काढायला बसले, जवळचं मोठं झाड, मोठा कातळ, ओहोळ, आणि तिथून पावलं आणि दिशा. आता ते आमच्या प्रत्येक नोंदीत असतं. आणि कंपास दगडावर ठेवून वाचायचा नाही हेही त्यांनीच शिकवलं, बेसॉल्टसारख्या दगडात लोहाची चुंबकीय खनिजं असतात, सुई सरळ खोटं बोलते. दोन-चार पावलं मागे उभं राहून वाचायचं.

आमच्याकडे आता ४३ दगड झालेत. त्यातले २९ त्या मधल्या सपाट पट्ट्यात आहेत, जिथे चढ मोडतो. माथ्यावर एकही नाही. हे कळलं तेव्हा मी लगेच मनात गोष्ट रचायला लागले, की इथून खालचं खोरं दिसतं, जाण्या-येण्याची वाट इथूनच असणार, वगैरे. हा विचार काही माझा नाही, रिचर्ड ब्रॅडली यांच्यासारख्या पुरातत्त्वज्ञांनी ब्रिटनमधल्या कोरीव दगडांबद्दल वाटा आणि दिसणारा प्रदेश या अंगाने बरंच काम केलंय. पण मैत्रिणीने विचारलं, आपण चाललो कुठून? आणि खरंच, आम्ही दोन हिवाळे बहुतेक वेळ त्याच पट्ट्यातून चाललो होतो, कारण तिथे चालायला सोपं! जिथे शोधलं तिथे सापडलं. म्हणून यंदा आम्ही फोनमध्ये चालल्याचा माग चालू ठेवतो आणि ज्या दगडांवर काहीच नाही तेही लिहितो, "पाहिला, काही नाही". चढाच्या वरच्या बाजूचे सत्तरेक दगड असे पाहून झालेत. त्यात एकावरच खळगे निघाले. म्हणजे मधल्या पट्ट्याचं म्हणणं अजून टिकून आहे, पण खालचा उतार बघायचाय अजून.

लोक विचारतात की हे होतं कशासाठी. मला हा प्रश्न टाळावासा वाटत नाही पण उत्तर एका वाक्यात देताही येत नाही. स्वीडनमध्ये अशा खळग्यांना एल्फ म्हणजे यक्षांची दळायची जाती म्हणायचे आणि अगदी अलीकडच्या शतकांपर्यंत लोक त्यात लोणी लावून, नाणी-टाचण्या ठेवून आजारपणासाठी नवस करायचे. पण ती खळगे कोरले गेल्यावर हजारो वर्षांनी आलेल्या माणसांची गोष्ट आहे, कोरणाऱ्यांची नाही. तरी तीही खरीच आहे, दगडाच्या आयुष्यातलीच आहे, म्हणून आम्ही फॉर्ममध्ये तोही रकाना ठेवलाय, आज इथे कोणी काही करतं का, काही म्हणतात का. कदाचित ठोकणं हेच महत्त्वाचं असेल आणि खळगा मागे राहिलेली खूण असेल. कदाचित निघणारी पूड हवी असेल. ला फेरासीच्या त्या फरशीवरून तर वाटतं की दिसणं हा मुद्दाच नसेल.

स्कॉटलंडमध्ये २०१७ ते २०२१ अशी पाच वर्षं एक मोठा प्रकल्प झाला, तिथे असे कोरीव दगड तीन हजारांच्या वर माहिती आहेत, आणि त्यात स्थानिक हौशी लोकांना शिकवून त्यांच्याकडून नोंदी आणि मॉडेलं करून घेतली. ते वाचूनच आम्हाला धीर आला की आपल्यासारख्यांनी हे केलेलं चालतं, फक्त पद्धत एक पाहिजे आणि ती शेवटपर्यंत बदलता कामा नये. आम्ही मधेच रकाने बदलले म्हणून पहिले चौदा दगड परत पहिल्यापासून करावे लागले.

त्या चौदातला एक परत करता आला नाही. नंबर ४. पहिल्या हिवाळ्यातला दुसरा दिवस, फॉर्म अजून बनलाच नव्हता, मी पुढे चालले होते आणि पायवाटेच्या कडेला एक चपटा दगड दिसला, वर चार खळगे चौकोनात, अगदी कोणी फासे टाकून ठेवावेत तसे. मोबाइलवर एक फोटो काढला. एकच. स्केल नाही, दिशा नाही, फोनचं लोकेशन बंद होतं. म्हटलं परत याच वाटेने यायचंय, तेव्हा बघू. पुढच्या पावसानंतर गेलो तर वाट रुंद केलेली होती आणि कडेचे दगड फोडून खाली भरले होते. कोणी केलं ते विचारत बसलो नाही, करणाऱ्याला तो एक साधा दगडच दिसला असणार, कारण तो काही वेगळा आहे हे सांगणारी कुठलीच नोंद जगात नव्हती. आम्ही दोन शनिवार त्या भरावातले तुकडे उलटेपालटे करत बसलो होतो. काही मिळालं नाही.

परवा नंबर १७ चा दहावा खळगा "बहुधा"च्या रकान्यात लिहून झाल्यावर (नक्की ९ मॉडेलनंतर तिघांनाही मान्य आहेत), घरी आले आणि नंबर ४ चा तो फोटो परत उघडला. खालच्या कोपऱ्यात माझ्या डाव्या बुटाचं टोक आलंय. ते बूट अजून माझ्याकडे आहेत. काकांना फोन केला, ते म्हणाले, "बुटाची रुंदी मोज, आणि दगडाच्या पातळीत आहे का बघ." जवळजवळ आहे. रबराची कड पुढच्या बाजूला ९.२ सेंटीमीटर भरली. त्यावरून नंबर ४ च्या पानावर आता लिहिलंय: खळगे ४, चौकोनात, रुंदी अंदाजे ५ ते ६ सेंमी, खोली माहीत नाही, दिशा माहीत नाही, स्केल डाव्या बुटाचं टोक, रकाना खात्री नाही.